विमान, ऊस आणि कारभारीपण

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या एका विमानात नेहमीच्या इंधनाबरोबर उसाच्या मळीपासून तयार केलेले इंधनही भरलेले होते. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केले होते आणि इंडियन ऑइलचा त्यात सहभाग होता. देशात तयार झालेल्या अशा इंधनावर, तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांसह झालेले भारतातील ते पहिले उड्डाण. ज्या भागात साखर कारखान्याच्या धुराड्यावरून लोक गावाची दिशा ओळखतात, त्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील वाचकांना ही बातमी वाचून कौतुक वाटावे, हे साहजिकच आहे. मिश्रणात या नव्या इंधनाचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. उरलेले नव्याण्णव टक्के जुनेच होते.

या एका टक्क्याकडे आपण कसे पाहावे? तो चांगल्या कामाचा आरंभ आहे, की चालले आहे ते तसेच चालू ठेवण्यासाठी मनाला दिलेला दिलासा आहे? वाचकहो, हा प्रश्न वरवर विज्ञानाचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. आज मी जो उपभोग घेतो त्याची भरपाई उद्या कोणीतरी शोध लावून करील, या भरवशावर तो उपभोग चालू ठेवणे योग्य आहे काय? आमच्या मंडळ्यांतून आता विमानाने जाणारे पुष्कळ आहेत, आणि विमान फक्त आकाशात पाहिलेलेही पुष्कळ आहेत. दोघेही एकाच बाकावर बसतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या मासिकात व्हावा असे आम्हाला वाटते.

प्रथम विमान करते काय, ते पाहू. विमानाचे इंधन म्हणजे आपल्या घरातील रॉकेलचेच अधिक शुद्ध रूप. असे एक किलो इंधन जळले म्हणजे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किलोचे तीन किलो कसे होतात, असे शब्बाथशाळेतील एखादा चौकस मुलगा नक्की विचारील. जळताना हवेतील प्राणवायू त्यात मिसळतो, म्हणून वजन वाढते. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणाऱ्या साध्या वर्गातील एका प्रवाशाच्या वाट्याला या वायूचा पाऊण ते एक टन येतो. आपल्या देशातील एक माणूस सरासरीने वर्षभरात सुमारे दोन टन वायूला कारणीभूत होतो. त्यात त्याची चूल, वीज, प्रवास, त्याने वापरलेले सिमेंट आणि लोखंड, सगळे आले. म्हणजे वर्षाच्या हिशोबाचा निम्म्याच्या आसपास भाग एका प्रवासात, दोन दिवसांच्या आत संपतो.

जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा लहान वाटतो, आणि विमान कंपन्या तो आवर्जून सांगतात. परंतु तो पुरता नाही. उंचावरच्या थंड व दमट हवेतून विमान गेले की त्याच्यामागे पांढरी रेघ उमटते. लहानपणी आपण सर्वांनीच ती मान वर करून पाहिली आहे. ती रेघ म्हणजे बर्फाचे बारीक कण. कधी ती क्षणात विरते, तर कधी पसरून पातळ ढग बनते आणि पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता अडवून धरते. दिवसा हे ढग थोडा सूर्यप्रकाश परतवतातही. रात्री मात्र ते नुसते पांघरुणाचे काम करतात. या रेघा आणि इतर वायू धरले म्हणजे पृथ्वीच्या तापण्यातील विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो.

आता यावर उपाय म्हणून काय चालले आहे? इंजिने सुधारली, यात शंका नाही. २०१६ पासून आपल्या देशात आलेली एअरबस ए-३२० निओ जातीची विमाने त्यांच्या आधीच्या विमानांपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी इंधन खातात. विजेवर चालणारे विमानही निघाले आहे. पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हेलिस इलेक्ट्रो या विमानाला जून २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. ते दोन आसनांचे आहे आणि उड्डाण शिकवण्याच्या कामी येते. याहून फार मोठे का होत नाही, याचे कारण वजनात आहे. एक किलो बॅटरीत जितकी शक्ती मावते तिच्या चाळीस-पन्नास पट एक किलो रॉकेलात असते. शिवाय रॉकेल वाटेत जळून हलके होत जाते. बॅटरी निघतानाही तितकीच जड आणि उतरतानाही तितकीच. हायड्रोजनची गोष्ट वेगळी. वजनाच्या मानाने त्यात रॉकेलच्या तिपटीजवळ शक्ती असते. परंतु त्याचा द्रव करायचा तर त्याला शून्याखाली २५३ अंशांपर्यंत थंड करावे लागते, आणि तेवढ्याच शक्तीसाठी चौपट मोठी टाकी लागते. एअरबसने सप्टेंबर २०२० मध्ये २०३५ सालापर्यंत हायड्रोजनचे विमान आणण्याचा मानस जाहीर केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही मुदत बरीच पुढे ढकलली गेल्याचे समजले.

मधल्या काळात नव्या विमानांच्या मागण्या तर झाल्याच आहेत. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली. विमान पंचवीसेक वर्षे चालते. म्हणजे ही सगळी विमाने या शतकाच्या मध्यापर्यंत रॉकेलच्या जातीचेच इंधन पिणार. म्हणून आजच्या विमानात तसेच ओतता येईल असे, परंतु जमिनीखालून न काढलेले इंधन शोधणे भाग आहे. उसाच्या इंधनाचे महत्त्व ते हेच.

येथे थोडे थांबून हे इंधन स्वच्छ का म्हणावयाचे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण याविषयी बराच गैरसमज आहे. उसाचे इंधन जळले तरी विमानाच्या मागून तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. काजळी थोडी कमी होते, एवढेच. फरक आहे तो वायू मूळचा कोठला यात. उसाने तो गेल्या वर्षीच्या हवेतून घेतला होता आणि विमानाने तो हवेला परत केला. खनिज तेलातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पुरलेला होता. पहिला व्यवहार उसनवारीचा, दुसरा पुरलेले धन उकरून उधळण्याचा. चांगल्या कच्च्या मालापासून, चांगल्या रीतीने केलेले इंधन एकूण हिशोबात ऐंशी टक्क्यांपर्यंत बचत करू शकते, असे सांगतात. परंतु ती बचत शेत, खत, पाणी, भट्टी या सगळ्यांवर अवलंबून आहे. विमानात बसलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र सगळे दिसते.

म्हणून शेताच्या बाजूने एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. पुण्याहून दिल्लीला जाण्यास १८० आसनांच्या विमानाला पाच टनांच्या आसपास, म्हणजे सहा हजारांवर लिटर इंधन लागते. एक लिटर विमान-इंधन करायला सुमारे पावणेदोन लिटर इथेनॉल खर्ची पडते. उसाचा रस साखर न करता सरळ इथेनॉलकडे वळवला, तर एका टनापासून सत्तरेक लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे पूर्ण उड्डाण उसावर करायचे तर दीडशे टन ऊस हवा. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तर चार एकरांचे वर्षभराचे पीक दोन तासांत संपले. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून करायचे ठरवले, तर एका टनामागे इथेनॉल दहा-अकरा लिटरच मिळते. मग हजार टन ऊस लागतो. अर्थात त्यात साखर हाती राहते, आणि मळी ही तशीही उरणारीच वस्तू. म्हणून मळीचे इंधन नीतीच्या दृष्टीने अधिक निर्दोष, परंतु ते थोडे. रसाचे इंधन पुष्कळ, परंतु त्यासाठी साखर सोडावी लागते. आमच्या मते या एका गोष्टीत सबंध प्रश्न सामावलेला आहे. जे खरोखर उरलेले आहे ते थोडेच असते, आणि पुष्कळ हवे असेल तर कोणाच्या तरी ताटातून घ्यावे लागते.

ही नुसती कल्पना नव्हे. पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले होते. नंतर मक्यापासून इथेनॉल करण्यास जोर आला, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. कोंबड्या पाळणाऱ्यांना खाद्य महाग झाले. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला, म्हणजे त्याच पिकांवर मोटारगाड्यांचा हक्क आधीच बसलेला आहे. आता विमान रांगेत उभे राहते आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के स्वच्छ इंधन असावे, असे आपल्या सरकारने ठरविले आहे. आणि पाण्याविषयी तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात ऊस थोड्या जमिनीवर उभा असतो, परंतु सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा भाग तोच पितो. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील बाईला विमानाशी काही देणेघेणे नाही. तरी तिच्या पाण्याचा संबंध या इंधनाशी येऊ शकतो.

यापेक्षा कमी वादाचा मार्ग वापरलेल्या खाद्यतेलाचा. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली तळणाच्या तेलाच्या पुनर्वापराला मर्यादा घातली आणि तेच तेल गोळा करून त्याचे इंधन करावे अशी योजना काढली. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील कारखान्याला ऑगस्ट २०२५ मध्ये अशा तेलापासून विमान-इंधन करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. वर्षाला ३५ हजार टनांची योजना आहे. ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. काळे पडेपर्यंत तळलेले तेल शेवटी कोणाच्या पोटात जाते, हे बसस्टँडसमोर वडे खाणाऱ्याला ठाऊक आहे. ते तेल विमानाने प्याले तर प्रकृती आणि पृथ्वी दोघींचे भले. परंतु आपल्या घरांतून तेल उरते तरी किती? कढईतले फोडणीला जाते आणि फोडणीनंतरचे चपातीला! युरोपात तर वापरलेल्या तेलाची मागणी इतकी वाढली की आशियातून येणाऱ्या मालात कोरे पामतेल मिसळले जाते काय, अशी शंका घेण्यात आली. टाकाऊ वस्तूला टिकाऊ भाव आला की ती टाकाऊ राहत नाही.

जगाचा एकूण हिशोब पाहिला तर २०२४ मध्ये असे स्वच्छ इंधन सुमारे दहा लाख टन तयार झाले. विमानांच्या इंधनात ते ०.३ टक्के भरते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचे एक विमान लंडनहून न्यूयॉर्कला संपूर्णपणे अशाच इंधनावर गेले. त्यामुळे ते शक्य आहे हे सिद्ध झाले. त्या विमानात तिकीट काढलेला प्रवासी एकही नव्हता, हेही नोंदविले पाहिजे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. १९९० ते २०१९ या काळात एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यास लागणारी शक्ती निम्म्याहून कमी झाली. ही इंजिनिअर मंडळींची मोठी कमाई आहे आणि तिला कमी लेखू नये. परंतु त्याच काळात विमानप्रवास चौपट झाला. चौपटीला निम्मे केले तरी दुप्पट उरते, आणि विमानांचा कार्बन डायऑक्साइड सुमारे दुप्पटच झाला. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या बाबतीत हीच गोष्ट दाखवून दिली होती. वाफेचे यंत्र काटकसरी झाले तसा इंग्लंडात कोळसा अधिकच जळू लागला. काटकसरीमुळे वस्तू स्वस्त होते, आणि स्वस्त वस्तू अधिक लोक अधिक वेळा घेतात. यात कोणी दुष्ट नाही. दर वेळी प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो.

म्हणूनच नुसत्या तंत्रावर भार टाकून मोकळे होता येत नाही, असे आमचे मत आहे. तंत्र आपल्याला वाव देते. त्या वावाचे काय करायचे हे तंत्र सांगत नाही. कारभारी हा शब्द आपण बहुधा दानाच्या रविवारी ऐकतो, आणि त्यामुळे तो पैशापुरताच आहे अशी समजूत झाली आहे. मालकाची वस्तू कमी खर्चात वापरण्याची युक्ती कारभाऱ्याला सापडली, म्हणून उरलेले त्याचे स्वतःचे होत नाही. या साध्या विचाराचा इंजिनातील पंधरा टक्के बचतीशी संबंध आहे. ती बचत कोणाची? कंपनीची, प्रवाशाची, की जी मुले अजून जन्मलीही नाहीत त्यांची?

दुसरा प्रश्न खरे बोलण्याचा. नेदरलँड्सची केएलएम ही विमान कंपनी आपल्या जाहिरातींतून जबाबदारीने उडण्याविषयी आणि अधिक चांगल्या भविष्याविषयी बोलत असे. एका पर्यावरणवादी संस्थेने तिला न्यायालयात खेचले. २० मार्च २०२४ रोजी ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने यातील बऱ्याच जाहिराती ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या होत्या असा निर्णय दिला. स्वच्छ इंधनाने आणि झाडे लावण्याने होणाऱ्या लाभाचे चित्र खऱ्यापेक्षा गोड रंगवले गेले होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कंपनी स्वच्छ इंधन वापरत नव्हती असे नव्हे. वापरत होती, पण थोडे वापरून फार सांगत होती. अर्ध्या सत्याची ही जात आपल्या परिचयाची आहे. आपल्याकडेही एखाद्या विमानतळाच्या छपरावर सौर विजेच्या पाट्या बसवल्या की सारा विमानतळच हिरवा झाला असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. कोचीच्या विमानतळाने ऑगस्ट २०१५ पासून आपली सगळी वीज सूर्यापासून मिळवली, हे खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु ती वीज इमारतीतील दिव्यांची आणि पंख्यांची. धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानांच्या टाकीतील रॉकेलाचा तिच्याशी संबंध नाही.

तिकिटाबरोबर शे-पाचशे रुपये अधिक भरा, आम्ही तुमच्या नावाने झाडे लावू, असेही प्रवाशाला सुचवले जाते. आपल्यासारख्या प्रॉटेस्टंट वाचकांना अशा वेळी १५१७ साल आणि मार्टिन ल्यूथरने ज्यांविरुद्ध आवाज उठवला ती क्षमापत्रे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ही तुलना एका बाजूने लंगडी आहे. झाड खरोखर लावले आणि जगवले तर ते खरोखर वायू शोषून घेते, त्या कागदांना तेवढाही आधार नव्हता. परंतु झाडाला वाढायला तीस वर्षे लागतात. ते वाळू शकते, तोडले जाऊ शकते, वणव्यात जळू शकते. विमानाचा वायू मात्र आजच्या आज वर जातो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथे राहतो. तुलना जेथे बरोबर बसते ती जागा दुसरी आहे. पैसे भरल्याने मनावरचा भार उतरतो, आणि भार उतरला की पुढचे तिकीट काढणे सोपे जाते.

आता दुसऱ्या टोकाचे मत. २०१८ च्या सुमारास स्वीडनमध्ये विमानाने जाण्याची लाज वाटली पाहिजे अशी चळवळ निघाली. लाजेला आम्ही वाईट म्हणत नाही, तिचा उपयोग असतो. परंतु लाज कोणी कोणाला वाटायला लावायची? २०१८ मध्ये जगातील केवळ अकरा टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि परदेशी जाणारे तर फार तर चार टक्के होते, असे एका अभ्यासात दिसून आले. त्याच अभ्यासाप्रमाणे प्रवासी विमानांतून निघणाऱ्या वायूपैकी निम्मा भाग जगातील एक टक्का लोकांमुळे निघतो. आपल्या देशात २०२४ मध्ये देशांतर्गत विमानाने १६ कोटी १३ लाख प्रवास झाले. हे प्रवास झाले, माणसे नव्हेत. जाऊन येणारा एकच माणूस दोनदा मोजला जातो, आणि दर आठवड्याला दिल्लीला जाणारा अधिकारी वर्षात शंभरदा. १४० कोटींवर लोकसंख्येच्या देशात खरे उडणारे किती थोडे असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आपल्या मंडळ्यांतून परिचारिकेचे शिक्षण घेऊन आखाती देशांत गेलेल्या मुली आहेत. गोव्याच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या घराघरांत त्यांच्या पैशावर धाकटी भावंडे शिकली. त्या दोन वर्षांतून एकदा रजा घेऊन येतात. एखाद्या आजी मुलीच्या बाळंतपणासाठी आयुष्यात प्रथमच कॅनडाला जातात आणि सामानात मेथीचे लाडू आणि डिंक बांधून नेतात. यांना लाज कशाची? गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. (त्यात कंपनी सरकारच्या आडकाठीचा वेळही आला.) त्या दिवसांकडे परत जा, असे त्या आजींना सांगणारा माणूस आम्हाला धर्मशील वाटत नाही.

परंतु म्हणून, हा प्रश्न श्रीमंत देशांचा, आपला नव्हे, असे म्हणून सुटणेही बरोबर नाही. आपला देश गरीब आहे, पण देशातील प्रत्येक माणूस गरीब नाही. गरीब बांधवाच्या नावावर श्रीमंताने सवलत मागायची, हा प्रकार आपल्याकडे अनेक बाबतींत चालतो. येथेही चालतो. विमानाचा वायू मोजताना भागाकार १४० कोटींनी करायचा, आणि आसन मात्र पुढच्या रुंद खुर्च्यांतले घ्यायचे! ती रुंद खुर्ची साध्या खुर्चीच्या दुपटी-चौपटीने जागा अडवते, आणि तेवढ्या पटीने इंधनाचा वाटाही तिच्याकडे जातो.

मग स्वच्छ इंधनाचा खर्च कोणी सोसावा? ते आज नेहमीच्या इंधनाच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत महाग पडते. सरकारी तिजोरीतून भरपाई केली तर न उडणाऱ्याच्या काडीपेटीच्या करातून उडणाऱ्याचे तिकीट स्वस्त होते. प्रत्येक तिकिटावर सारखाच भार टाकला तर आखातातून येणारी परिचारिका आणि दर आठवड्याचा अधिकारी एका मापाने मोजले जातात. वर्षातला पहिला प्रवास मोकळा ठेवून पुढच्या प्रत्येक प्रवासावर चढता भार बसवावा, अशी एक सूचना इंग्लंडात काही वर्षे चर्चेत आहे. आम्हाला ती न्यायाच्या सर्वांत जवळची वाटते. तिची अंमलबजावणी किचकट होईल, ओळखपत्रे जोडावी लागतील, पळवाटा निघतील, हे कबूल. परंतु बिनपळवाटीचा कर आजवर निघाला आहे काय?

काही उपाय तर फार स्वस्त आहेत आणि तरीही रेंगाळतात, याचे आम्हाला नवल वाटते. वर सांगितलेल्या पांढऱ्या रेघांचेच घ्या. २०२३ मध्ये गुगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी सत्तर उड्डाणांवर एक प्रयोग जाहीर केला. हवामानाचा अंदाज पाहून वैमानिकांनी विमान दमट थरांच्या थोडे वर किंवा खाली नेले, आणि रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. त्या उड्डाणांना इंधन सुमारे दोन टक्के अधिक लागले. नवे इंजिन नको, नवे इंधन नको, ऊसही नको. त्रासदायक रेघा थोड्याच उड्डाणांमुळे होतात, त्यामुळे सर्व विमानांना वाट बदलण्याचेही कारण नाही. अडचण एवढीच की ते जादा इंधन कंपनीने विकत घ्यायचे आणि लाभ सर्व जगाला मिळायचा. असे सौदे सक्तीवाचून क्वचितच होतात.

आगगाडीचेही तसेच. कोकण रेल्वेचा सबंध मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून धावते. बेळगाव-बंगळूर वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. वडोदऱ्याहून मुंबईला विमानाने जाणारा माणूस विमानतळावर जाण्या-येण्याचा आणि तपासणीचा वेळ धरून किती तास वाचवतो, ते त्याने एकदा घड्याळ लावून पाहावे. फ्रान्सने मे २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते तेथली देशांतर्गत उड्डाणे बंद केली. त्यात प्रत्यक्षात तीनच मार्ग सापडले म्हणून थट्टाही झाली. थट्टा रास्त होती, परंतु तीन मार्ग बंद झाले हेही खरे.

आपल्या मंडळ्यांच्या आणि संस्थांच्या वार्षिक सभा, तरुण संघाची शिबिरे, शिक्षकांचे वर्ग यांसाठी हल्ली काही प्रतिनिधी विमानाने येतात. वयोवृद्ध पाळक किंवा आजारी माणूस विमानाने आला तर कोणी नाव ठेवू नये. धडधाकट प्रतिनिधीने ग्वाल्हेरहून आगगाडीने यावे आणि एक दिवस अधिक मोडावा, असे आम्ही सुचवतो. एक दिवस मोडणे ही नोकरी करणाऱ्याला लहान गोष्ट नाही, म्हणून सभांच्या तारखाही सुट्ट्या पाहून ठरवल्या पाहिजेत. शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गाला वर दिलेला चार एकरांचा हिशोब फळ्यावर करून दाखवता येईल. शेतकऱ्यांची मुले वर्गात असतील तर उताऱ्याचा आकडा ती आमच्यापेक्षा अचूक सांगतील.

आणि जेथे मंडळीच्या पैशातून विमानाचे तिकीट काढले जाते, तेथे कोणासाठी आणि कोणत्या कारणाने काढले हे हिशोबात लिहावे. काही पंचांना हे जास्तीचे वाटेल. परंतु प्रवासखर्चाचा तक्ता दर वर्षी सभेपुढे ठेवावाच लागतो, त्यात एक रकाना वाढेल.